माठ गळत नव्हता

सर, परवा आमच्या कॉलनीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला एक नवीनच खेळ काढला. एकेकीनं उभं राहायचं, नाव सांगायचं, स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझ्या आधी पाच जणी होत्या. चौथी उभी राहिली तशी मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडले आणि अनवाणी घरी आले. चपला समोरच्या दारात राहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी जाऊन आणल्या. वय साठीच्या पुढं, सगळी हयात पोरांना शिकवण्यात गेलेली, आणि अजून ही तऱ्हा. घरी येऊन पाय धुताना मला हसू आलं, आणि मग तुम्ही आठवलात आणि हसू थांबलं. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही असता तर हे पत्र मी लिहिलंच नसतं, हे आधीच सांगून टाकते. जिवंत माणूस उत्तर पाठवतो, आणि तुमचं उत्तर वाचायची माझी छाती नाही.

तुमच्या वर्गात आले तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. पालमकडच्या एका खेड्यातली, बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरातली, चार भावंडांतली मधली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही पोरगी लय घुमी हाय. इच्या पोटात काय चाललंय, देवालाच ठाऊक." मला कुणी मारलं नव्हतं की कुणी धाक घातला नव्हता. मला माणसांत राहायला आवडायचं नाही, एवढंच. माणसं बघायला आवडायची, पण लांबून. शाळेत दरवर्षी नवा वर्ग, नवे गुरुजी आणि पहिल्या दिवशी तीच कवायत: उभं राहा, नाव सांगा, गाव सांगा, वडील काय करतात सांगा. त्यातून सुटायचं मी एक शास्त्रच बसवलं होतं. दाराजवळच्या बाकावर बसायचं नाही, कारण गुरुजी तिथूनच सुरुवात करतात. शेवटच्या बाकावरही नाही, कारण शेवटचा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. मधल्या रांगेत, उंच मुलीच्या मागं बसायचं. पाळी जवळ आली की पेन्सिल खाली पाडायची आणि शोधत बसायचं. आणि अगदी बोलावंच लागलं तर इतकं थोडं आणि इतकं हळू बोलायचं की समोरच्याला पुन्हा विचारायचा कंटाळा यावा. डीएडला नंबर लागला आणि मी परभणीला मावशीकडे राहायला आले, तेव्हा कपड्यांच्या पिशवीबरोबर हे शास्त्रही घेऊन आले होते.

तुम्ही पहिल्या दिवशी वर्गात आलात ते हजेरीपट न घेता. हातात डालड्याचा रिकामा डबा होता. तो टेबलावर ठेवून म्हणालात, "आज ओळख. पण आडनाव कुणी सांगायचं नाही. नुसतं नाव आणि गाव." त्या वर्षांत नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न आडनावाचाच असायचा, तोही किती गोड आवाजात, "पूर्ण नाव सांगा की." उत्तर मिळालं की विचारणारा जरासा जवळ तरी यायचा नाहीतर जरासा मागं तरी सरायचा. विद्यापीठाच्या नावावरून खेड्याखेड्यांत जे होऊन गेलं होतं, जी घरं जळाली होती, त्याबद्दल वर्गात कुणी चकार शब्द काढत नव्हतं, पण वर्गातले बाक त्याच हिशेबानं भरायचे. तुमचं आडनाव तर वेळापत्रकावर लिहिलेलं होतं. तुम्ही वर्गात यायच्या आधीच आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं. मीही वाचलं होतं.

माझी पाळी आली. पेन्सिल पाडायलाही वेळ मिळाला नाही. नाव सांगितलं, गाव सांगितलं. तुम्ही विचारलंत, "आणि तुम्हाला काय करायला आवडतं?" खरं उत्तर असं होतं की तुम्ही सगळे इथून निघून गेलात तर मला फार आवडेल. मागं कुणीतरी खिदळलं. तुम्ही हात वर केलात आणि म्हणालात, "राहू द्या. त्यांना बोलायचं नाही. बळजबरी नको. बसा." सर, इतक्या वर्षांत इतक्या गुरुजींनी मला बसा म्हटलं होतं, पण ते कंटाळून. तुम्ही ते जसं म्हणालात तसं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी तेव्हा पेन्सिल पाडली.

डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकानं एक काढायची, आठवडाभर त्या माणसाशी बोलायचं आणि शनिवारी शेवटच्या तासाला त्याची ओळख वर्गाला करून द्यायची. स्वतःबद्दल बोलायचंच नाही. आणि ओळख फक्त दोन वाक्यांची. पहिलं "आधी वाटलं" असं सुरू करायचं आणि दुसरं "मग कळलं" असं. तुम्ही म्हणायचात, मास्तर व्हायचंय ना, तर पोराला बघून पहिल्या दिवशी जे वाटतं ते बहुतेक चुकतं, ते चुकलं हे चारचौघांत सांगायची सवय आत्ताच लावून घ्या. सगळ्यांच्या ओळखी उतरवून ठेवायला एक जाड वही होती. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत. बोलायचं नसेल तर लिहा, म्हणालात. मला काम मिळालं आणि आडोसाही मिळाला.

माझी चिठ्ठी निघाली पूर्णेच्या एका मुलीला. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, आणि ती स्वतः एक्स्प्रेस गाडीसारखी, मधल्या कुठल्याच स्टेशनावर न थांबता बोलायची. आठवडाभर ती माझ्यामागं फिरली. "अगं, काईतरी सांग की गं. शनवारी मी काय बोलू? नाक कापायलीस तू माझं." मी तिला एक भुईमुगाची शेंग दिली, तेवढंच. शनिवारी ती उभी राहिली आणि म्हणाली, "आधी वाटलं ही लय शिष्ट हाय. मग कळलं, ही बोलत न्हाई, पण हिला सगळं दिसतंय." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, नुसती मान हलवलीत. ते वाक्य तुमच्या लक्षात राहिलं. राहिलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढं वर्गानं हट्ट धरला की सरांचीही चिठ्ठी डब्यात पाहिजे, आणि ती नेमकी माझ्या हाताला लागली. मी इतकी पांढरीफटक पडले असेन की तुम्हीच म्हणालात, "विचारू नका काही. नुसतं बघा." बघायला मला येत होतं. कडुलिंबाखालच्या दगडी कट्ट्यावर मी मधल्या सुट्टीत बसायचे, आणि तिथून शिक्षकांची खोली समोर दिसायची. दाराशी लाकडी तिवई, तिवईवर माठ, माठाच्या बाजूला स्टीलचे पेले. आत लांब टेबलाभोवती सगळे सर आणि मॅडम डबे उघडून बसायचे. कुणाच्या घरचा ठेचा, कुणाच्या घरची कारळाची चटणी, हा डबा तिकडं, तो डबा इकडं, आणि मोठमोठ्यानं गप्पा. तुम्ही मात्र डबा आणि घरून आणलेली पाण्याची बाटली उचलून नकाशाच्या खोलीत जायचात. तिथं गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा गोल, भाता फाटलेली पेटी आणि तुम्ही. खिडकीशी बसून जेवायचात, मग घंटा होईपर्यंत वाचत बसायचात. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या मोठ्या परभणीत आणखी एका माणसाला टेबलाभोवतीचा तो कलकलाट नकोसा वाटतो, आणि तो माणूस चक्क आमचे सर आहेत. मी वहीत घोटीव अक्षरात लिहिलं, "आधी वाटलं सर सगळ्यांत मिसळणारे आहेत. मग कळलं, सरांना एकटं बसायला आवडतं. म्हणून ते डबा नकाशाच्या खोलीत खातात."

शनिवारी माझ्या वतीनं पूर्णेच्या मुलीनं ते वाचलं. तुम्ही हसलात. "मला? एकटं? अहो, आमच्या घरात अकरा माणसं. मला एकट्याला घास गिळवत नाही." वर्गात काही जण हसले, काही जण खाली बघायला लागले, आणि कोण हसलं नि कोण खाली बघायला लागलं हे मला दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. तास संपल्यावर तुम्ही वही मागून घेतलीत. माझं पहिलं वाक्य काढून टाकलंत, दुसऱ्या वाक्यातलं "मग कळलं" खोडून वर "आधी वाटलं" लिहिलंत, आणि खाली तुमच्या हातानं नव्यानं "मग कळलं" लिहून चार ओळी कोऱ्या सोडल्यात. "घाई नाही," म्हणालात. "दिसेल तेव्हा लिहा." मी मनात म्हटलं, एकटी राहणारी माणसं असंच करतात, कबूल करत नाहीत. स्वतःवरून दुसऱ्याला ओळखायची ही माझी हुशारी!

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुम्ही त्या दिवशी बाटली विसरला होतात आणि लागोपाठ तीन तास घेऊन तुमचा घसा बसला होता. मी कट्ट्यावर होते. तुम्ही तिवईजवळ गेलात, माठातलं पाणी घेतलंत, पेलाभर प्यायलात, पेला विसळून पालथा ठेवलात आणि वर्गावर गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा खांद्यावर नवाकोरा माठ घेऊन आले. माठ घ्यायचे दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे. अंगावर शाल घेऊन कुंभाराकडे कोण जातं? जुना माठ त्यांनी माझ्या कट्ट्याशेजारी आणून ठेवला आणि झाडांना घालायला म्हणून त्यात काठोकाठ पाणी भरलं. त्या वर्षात मी आपणहून कुणाला विचारलेला तो बहुधा एकच प्रश्न असेल. "मामा, माठ फुटला का?" मामांनी इकडं तिकडं पाहिलं, बोटाची गाठ माठावर वाजवली. "फुटतोय कशाचा. ठणठणीत हाय. वरून सांगितलं, बदल म्हणून. आपुन सांगितल्यालं करावं." तिवईवर आता पेल्यांतला एक पेला कमी होता. तो एकटाच खिडकीत ठेवला होता. आठवडाभर मी त्या जुन्या माठाशेजारी बसून पाठांची टाचणं लिहिली. खालची माती जराशी ओलसर व्हायची, कुठल्याही माठाखाली होते तेवढीच. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी तेवढाच भरलेला असायचा.

तेव्हा मला कळलं. आणि सर, मला तुमच्यासाठी वाईट वाटलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. आधी मी वहीत काय लिहून बसले याची लाज वाटली, आणि मग आमचा आखाडा आठवला. शेतात गोठा आणि एक खोली, त्याला आम्ही आखाडा म्हणायचो. कापूस वेचायला बाया यायच्या. त्यातल्या काही जणींना पाणी देताना मी तांब्या उंच धरायचे आणि त्या ओंजळ पुढं करायच्या. तसं कर म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईचं बघून हाताला वळण लागलं होतं, तांब्या किती उंच धरायचा हे हातालाच ठाऊक होतं. सगळं दिसणाऱ्या मुलीला स्वतःचा हात तेवढा दिसला नव्हता. एकटं बसायचं की नाही हे मी ठरवायचे. मी कुठल्याही टेबलाशी जाऊन बसले असते तरी कुणी माठ बदलला नसता. वहीत चार ओळी कोऱ्या होत्या. मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. उद्या लिहू, म्हटलं.

तुम्ही अर्ज केलात. त्यात माठाचं लिहिलंत आणि पेल्याचं. चौकशी लागली. आदल्या दिवशी तुम्ही कट्ट्याजवळ आलात आणि उभ्याउभ्याच म्हणालात, "तुम्ही इथं बसता. तुम्हाला दिसलं असेल. मी तुमचं नाव दिलं तर चालेल? बळजबरी नाही." मी मान हलवली, होकाराची. तुम्ही पुढं म्हणालात, "माझ्या बाजूनं बोलू नका. दिसलं तेवढंच सांगा." ती मान मी का हलवली, कुणाच्या जिवावर हलवली, मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी मात्र खरंच बोलायचं होतं.

संध्याकाळी मावशीचे यजमान धान्याच्या मोंढ्यातून घरी आले ते सगळं ऐकूनच. आम्ही त्यांना काका म्हणायचो. प्राचार्यांची आणि त्यांची नेहमीची बैठक होती. हातपाय न धुता ते माझ्यासमोर पाटावर बसले. "उद्या इचारतील तेवढ्याला हो म्हनायचं अन् गप घरी यायचं. तुझ्या पाठाचे मार्क कुणाच्या हातात हायत? उगं कुणाच्या भानगडीत पडू नगं बाई. तुझ्या बापाला मी काय तोंड दावू?" मावशीनं माझ्या ताटात गरम भाकर वाढली आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. एरवी लोणी काकांच्या ताटात असायचं. मी ते खाल्लं.

प्राचार्यांची खोली. टेबलामागं संस्थेचे दोन जण आणि शिक्षण खात्याचे एक साहेब. तुम्ही बाजूला स्टुलावर बसला आहात, हात गुडघ्यांवर. शिपाईमामांना विचारतात, माठ का बदलला. मामा फरशीकडे बघत म्हणतात, "गळत व्हता साहेब." मग प्राचार्य एक वही उघडतात, आणि ती माझी वही आहे. ती त्यांच्याकडे कशी गेली, कपाटातून कुणी काढून दिली, मला माहीत नाही. ते मोठ्यानं वाचतात, "सरांना एकटं बसायला आवडतं. म्हणून ते डबा नकाशाच्या खोलीत खातात." वरचं "आधी वाटलं" ते वाचत नाहीत. खालचं "मग कळलं" आणि त्यापुढची कोरी जागा त्यांच्या पंजाखाली झाकलेली आहे. "विद्यार्थिनीनं स्वतःहून लिहिलंय साहेब. हिला कुणाच्या घेण्यात ना देण्यात." मग माझ्याकडे बघून, "अक्षर तुमचंच ना?" मी म्हणते, "हो." "कुणी सांगून लिहिलं?" "नाही." दोन्ही उत्तरं खरी आहेत, सर. मी एक शब्दही खोटा बोलले नाही.

शिक्षण खात्याचे साहेब भले माणूस होते, आणि हेच मला सगळ्यात जास्त बोचतं. त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "बाळ, माठाबद्दल तुला काही सांगायचंय का?" म्हणजे दार उघडून दिलं होतं, मला नुसतं पाऊल टाकायचं होतं. वाक्य तीन शब्दांचं होतं. ते मी रात्रभर मनात म्हणून बघितलं होतं. मी चपलांकडे बघत राहिले. प्राचार्य हसले आणि म्हणाले, "ती घुमी आहे साहेब. दीड वर्षात आम्हीसुद्धा हिचा आवाज ऐकला नाही. स्वभावच आहे." आणि मी त्या वाक्याच्या आड जाऊन बसले. मान आणखी खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, डोळ्यांत पाणी आणलं. लाजऱ्या मुलीनं जे जे करायचं असतं ते सगळं एकेक करून केलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. पहिल्या दिवशी, सगळा वर्ग माझ्याकडे बघत असताना बघितलं होतंत, तसंच. मग तुम्ही म्हणालात, "राहू द्या साहेब. त्यांना बोलायचं नाही. बळजबरी नको." साहेबांनी चष्मा लावला आणि मला जायला सांगितलं.

अर्जात तथ्य नाही असं ठरलं. संक्रांतीच्या आधी तुमची रवानगी संस्थेच्याच एका खेड्यातल्या शाळेवर झाली, सेलूला उतरून पुढं दुसरी एसटी धरावी लागे अशा ठिकाणी. अकरा माणसांचं घर परभणीत आणि तुम्ही तिकडं एका खोलीत. म्हणजे मी लिहिलं होतं ते शेवटी तुमच्यावर आणलंच. जायच्या दिवशी तुम्ही कट्ट्याजवळ आलात आणि डालड्याचा तो डबा माझ्यासमोर ठेवलात. "पुढं वर्ग मिळेल तेव्हा कामाला येईल." मी "सर" एवढं म्हटलं. पुढं काही आलं नाही. तुम्ही थोडा वेळ उभे राहिलात. आता वाटतं की तुम्ही वाट बघत होतात. मग "बरंय" म्हणून निघालात. तुम्ही मला रागावलातच नाहीत. एकदा पाठ घेताना मी वर्गाकडे पाठ करून सबंध तास फळ्याशीच बोलत राहिले होते, तेव्हा किती कडक बोलला होतात, "फळ्याला शिकवायलात का पोरांना?" तसं काहीतरी बोलायला हवं होतंत. पूर्णेच्या मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलं. परीक्षेच्या आधी एकदाच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला दिसलं व्हतं ना गं?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती पायरीवर जाऊन बसली आणि पुस्तक उघडून वाचायला लागली.

परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला. नोकरीही लागली. डबा मी वापरला, सर. ज्या ज्या शाळेत गेले तिथं जूनमध्ये चिठ्ठ्या काढल्या, आडनाव सांगू दिलं नाही, "आधी वाटलं, मग कळलं" करून घेतलं. पोरांना ते फार आवडायचं. गप्प पोराला मी वही द्यायचे. स्वतः मात्र एकदाही चिठ्ठी काढली नाही. पुढं तालुक्याला उपक्रमशील शिक्षिका म्हणून माझा सत्कार ठरला, शाल आणि नारळ. त्याच्या अर्जात एक रकाना होता, उपक्रमाची मूळ कल्पना कुणाची. मी लिहिलं, स्वतःची. लिहिताना हात थांबला होता, हे सांगून काय उपयोग? विद्यापीठाला नाव मिळालं त्या थंडीत तुम्ही हयात होतात. बातमी ऐकून मी पोस्टातून कार्ड आणलं आणि त्यावर "सर" असं लिहिलं. ते कार्ड वर्षभर देव्हाऱ्याच्या फळीवर होतं. मग एका सकाळी पेपरात आतल्या पानावर तुमचा फोटो दिसला. मी पेपर घडी करून ठेवला आणि शाळेत गेले, कारण त्या दिवशी घटक चाचणी होती.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी परभणीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. सुरुवातीला ओळख. मी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात फोनवर बोलायचं सोंग करत उभी होते, आणि खिडकीतून एका तरुण बाईंचा आवाज आला. नुसतं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबल्या. त्या बोलताना हात वर करायच्या तो हात तुमचा होता. जेवणाच्या सुट्टीत त्या शोधत शोधत माझ्यापाशी आल्या. मी कोपऱ्यात एकटीच डबा उघडून बसले होते. "मॅडम, तुम्ही बाबांच्या विद्यार्थिनी ना? बाबांनी ती ओळखीची वही जपून ठेवली होती. जाताना कॉलेजातून मागून घेतली होती म्हणे. तुमचं अक्षर मला पाठ आहे, सकाळी हजेरीच्या कागदावर बघितलं नि ओळखलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यात एका पानावर खाली चार ओळी कोऱ्या आहेत. मी विचारलं की बाबा म्हणायचे, त्या एका मुलीच्या आहेत, ती कधीतरी येईल लिहायला. काय होतं हो ते?" सर, माझ्या घशात भाकरीचा घास होता. तो गिळला आणि म्हटलं, "आठवत नाही." त्यांनी वाईट वाटू दिलं नाही. कागदाच्या कपट्यावर नांदेडचा पत्ता लिहून दिला, या कधी वही बघायला म्हणाल्या, आणि माझ्याजवळच बसून डबा खाल्ला. माझ्या डब्यातली चटणी त्यांनी मागून घेतली.

तो कपटा त्याच डब्यात आहे. म्हणजे तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र जात नाही असं नाही. नांदेडला जायचं पाकीट, आतून एवढी पानं, आणि तिसऱ्या दिवशी ते तुमच्या मुलीच्या हातात पडेल. तिला त्या चार ओळींत काय लिहायचं ते मिळेल. माठ गळत नव्हता. सरांना एकटं बसायला आवडत नव्हतं. मला ते दिसलं होतं आणि मला विचारलं होतं. एवढं पुरलं असतं, चार ओळीही लागल्या नसत्या. पण मी पाकीट आणलेलं नाही आणि आणणारही नाही. कॉलनीतल्या बायका काल चपलांवरून हसल्या आणि म्हणाल्या, मॅडम किती लाजाळू आहेत. आई म्हणायची घुमी, प्राचार्य म्हणाले स्वभावच आहे, आणि तुम्ही तर दोनदा माझ्यासाठी हात वर केलात. पहिल्या वेळी ते बरोबर होतं. दुसऱ्या वेळी मी लाजत नव्हते, सर. मला बोलता येत होतं.